पाणी पाजणारी वच्छलाबाई

वच्छलाबाई पडली तेव्हा तिच्या हातातली बादली काठोकाठ भरलेली होती. मे महिना, दुपारचा एक वाजला असेल. आर्वीच्या एका जिनिंगमध्ये आम्ही चौदा बायका पत्र्याच्या शेडखाली कवडी वेचत होतो. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तो चांगल्या कापसातून काढून टाकायचं आमचं काम. वच्छलाबाई शेडच्या टोकाशी आली, थांबली, माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिसली नाही. मग उभीच्या उभी खाली आली. सगळं पाणी कापसात गेलं.

मुकादम देवराव धावत आला. "अरे, कापूस भिजला! उचला तो कापूस आधी!" मग त्याला बाई दिसली.

अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा थेंब नव्हता. आमच्यातल्या मंदानं ग्लास तोंडाला लावला, तर पाणी गालावरून मातीत गेलं. एकीनं कांदा ठेचून तळपायाला चोळला, एकीनं पदरानं वारा घातला. मी तिच्या हाताची मागची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. कातडी खाली बसली नाही, भिजलेल्या कणकेसारखी तशीच उभी राहिली. हे बघायला मला तिनंच शिकवलं होतं.

तीन आठवडे झाले होते, ती कामावर असताना पाण्याचा घोट घेत नव्हती. हे आम्हा चौदाही जणींना माहीत होतं. तिचं काम आम्हाला पाणी पाजायचं होतं.

नव्वदनंतरची ही गोष्ट आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू व्हायची आणि मेअखेरपर्यंत चालायची. वच्छलाबाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, पन्नाशीच्या आसपासची. उंच, हाडं दिसणारी, चालताना डावा हात कमरेवर. लिंबाखाली तिचे तीन रांजण होते, त्यांना ओलं बारदान गुंडाळलेलं. रोज सकाळी आमच्या आधी येऊन ती रांजण उपसायची, आतून राखेनं घासायची, पाणी गाळून भरायची. रांजणात कोणी हात बुडवलेला दिसला की तिचा तोल जायचा. एकदा शेटजींच्या पाहुण्यानं ग्लास बुडवून पाणी घेतलं, तर तिनं त्याच्यादेखत सगळा रांजण रिकामा केला. पाहुणा बघतच राहिला. "काई नाई बाप्पा, गरम झालतं," ती म्हणाली.

दुसरीकडे पाणी देणाऱ्या बाया रांजणाजवळ बसून राहतात. ज्याला तहान लागली तो येतो. ही बसायची नाही. बादली आणि गडू घेऊन तासातासाला फिरायची. समोर उभी राहिली की पाणी पिऊन होईपर्यंत हलत नसे.

"नाई लागली वो तहान," मी म्हणायची.

"तहान लागेपर्यंत थांबते? चुलीवरचं भांडं जळल्यावर पाणी टाकते का तू घरी?"

मग ती हात ओढून कातडीचा चिमटा काढायची. कातडी लगेच बसली तर पुढे जायची. हळू बसली तर दोन गडू. आणि कोणाचंही काही दुखलं की तिचा एकच प्रश्न असायचा, रंग कसा आहे? लघवीचा. चारचौघांत, मोठ्यानं. ताकाच्या निवळीसारखा असेल तर ठीक, वरणासारखा असेल तर पाणी कमी पडलं, आणि चहासारखा असेल तर कामावर काय आली, दवाखान्यात जा. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. तिला लाज नव्हती. मलाही फारशी नाही, म्हणून आमचं जमलं.

मी तिचं ऐकलं ते श्रद्धेनं नाही. तिची कटकट चुकवायला ऐकलं. तोपर्यंत मला रोज संध्याकाळी डोकं दुखायचं. कपाळाला फडकं आवळून बांधायची आणि तशीच भाकरी थापायची. कापसाच्या धुळीनं दुखतं असं समजत होते. मांडीत पेटके यायचे, उन्हाळी लागायची, लघवीला आग आग व्हायची. चार दिवस शौचाला होत नसे. हे सगळं बायकांच्या जन्माला लागलेलं आहे असं माझ्या आईनं सांगितलं होतं आणि मी माझ्या पोरींना सांगितलं होतं. वच्छलाबाईचं पाणी महिनाभर प्याले आणि फडकं सुटलं. पेटके गेले. आग गेली. पोट साफ झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी वीस वर्षं कपाळ आवळून घेतलं होतं. मला राग आला होता, कोणाचा ते सांगता येत नाही.

तिला हे वेड कशानं लागलं ते तिनं एकदाच सांगितलं, तेही रांजण घासता घासता. तिची पहिली मुलगी दीड वर्षाची असताना हगवण लागली. आमच्याकडे तेव्हा रीत होती, पोराला पातळ व्हायला लागलं की पाणी बंद. पाणी दिलं तर आणखी पातळ होईल. तिच्या सासूनं माठ उचलून आत ठेवला.

"पोरगी दोन दिवस माठाकडं बोट दाखवून राह्यली," ती म्हणाली. "मीच तिचा हात खाली धरला. मग एका नर्सबाईनं सांगतलं, मीठ-साखरेचं पानी पाजलं असतं तर राह्यली असती. ते मले सहा महिन्यानं सांगतलं."

माझा एक मुलगा तसाच गेला होता. आमच्या गावात तो माठ कोणाकोणाच्या घरात उचलला गेला, याची कोणी नोंद ठेवलेली नाही.

देवराव मुकादमाची गोष्ट मात्र हसण्यासारखी आहे. एका फेब्रुवारीत तो बारदानाच्या ढिगावर पोट धरून लोळत होता. मुतखडा. वच्छलाबाई बादली घेऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"वच्छलाबाई, मरतो मी आता."

"मरत नाई तुमी, भाऊ. दिवसातून कितीदा जाता?"

"दोनदा."

"अन् रंग?"

"आता बायामानसाइपुढं काय सांगू?"

"खडा माया नाई, तुमचा हाय. सांगा."

देवरावनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "वरणासारखा."

सगळ्या शेडमध्ये हशा झाला. डॉक्टरनं त्याला गोळ्या दिल्या होत्या आणि भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं होतं. गोळ्या तो घेत होता, पाणी पीत नव्हता. पाणी हे काय औषध आहे, असं त्याचं मत. तिनं त्याला आठ दिवस पाजलं. तो वजनकाट्याशी असो, गाडीवाल्याशी भांडत असो, ही गडू घेऊन हजर. नवव्या दिवशी खडा पडला. देवरावनं तो काडेपेटीत घालून आणला आणि चौदा जणींना उघडून दाखवला, लेकीचं सोनं दाखवावं तसा.

त्या दिवशी जेवताना तिनं मला सांगितलं की तिलाही खडे आहेत, दोन्हीकडे. कमरेवरच्या हाताचं कारण ते. वर्ध्याच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं, बाई, पाणी पीत राहशील तोवर निभेल. "निभून राह्यलं," ती म्हणाली आणि ज्वारीची भाकरी मोडली. म्हणजे मला माहीत होतं. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

पाणी प्यायलं की जावं लागतं. आमच्या जिनिंगमध्ये बायकांसाठी संडास-मुतारी नव्हती. सरकीच्या गोदामामागे मोकळी जागा होती, बाभळी होत्या. तीन-तीनच्या टोळीनं जायचो, एक पहाऱ्याला. तेवढं होतं म्हणून तिचं पाणी चाललं. गडीमाणसं कुठेही उभी राहत, त्यांचा प्रश्न नव्हता. ऑफिसला एक संडास होता, कुलपातला. त्याची टाकी वच्छलाबाई भरायची म्हणून एक चावी तिच्याकडे होती, काळ्या दोऱ्यात, गळ्यात.

मग एका वर्षी शेटजींनी त्या मोकळ्या जागेवर कापसाच्या गाठी ठेवायला ओटा बांधला, भिंत घातली, चौकीदाराची खोली केली. बाभळी गेल्या. हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी आम्हाला कळलं की आता जायला जागा नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

कोणी कोणाशी ठरवलं नाही. आम्ही पाणी सोडलं. घरून निघताना चहासुद्धा सोडला. वच्छलाबाई समोर आली की एक घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि ती वळली की कापसात थुंकायचा. तिच्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

ती देवरावला घेऊन शेटजींकडे गेली. साक्षीला मला नेलं. शेटजी माणूस वाईट नव्हते. दिवाळीला साडी द्यायचे, कोणाचं लग्न असलं की यायचे. त्यांनी ऐकून घेतलं.

"तीस साल से जिनिंग चालू आहे, बाई. इतक्या वर्षांत एकाही बाईनं संडास मागितला नाही. तुम्हालाच काय झालं?"

"मांगतला नाई शेटजी, कारण पानी पेत नोहत्या."

"मग पाणी कमी पाजा," शेटजी म्हणाले. हिशेब बघणारे दिवाणजी हसले, देवरावही हसला. शेटजी नंतर गंभीर झाले. "देखेंगे. एवढ्या गाठी निघून जाऊ द्या."

गाठी निघत राहिल्या. ती दर सोमवारी विचारायची. दर सोमवारी गाठी असायच्या.

मंदा म्हणून एक नवी पोरगी होती, त्याच वर्षी लग्न झालेली. मार्चमध्ये तिला अशी उन्हाळी लागली की ती वेचता वेचता रडायची. वच्छलाबाईनं गळ्यातली चावी काढली आणि तिला ऑफिसच्या संडासात नेलं. बाहेर दिवाणजी उभे. "ही धर्मशाळा आहे का? आज एक, उद्या चौदा!" चावी फक्त टाकी भरायला आहे, तुला जाऊ देतो तेच खूप, असं तिला सुनावलं. ती खाली मान घालून परत आली. अशी मान खाली घातलेली मी तिला आधी पाहिली नव्हती.

त्यानंतरही ती बादली घेऊन फिरायची आणि म्हणायची, पे वो, घोटभर तरी पे. ऊन वाढत होतं. माझं डोकं परत दुखायला लागलं होतं, कपाळाला फडकं आलं होतं. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हात ओढून चिमटा काढला.

"यमुने, कातडी पाह्य तुयी. मरशीन."

मी हात झटकला. "तुयाजवळ चावी हाय म्हनून तुयं तोंड चालते. पेतं अन् जाऊन येतं. आमी कुठी जाव? तुया रांजनात?"

बाया हसल्या. खूप हसल्या. मंदासुद्धा.

वच्छलाबाई हसली नाही, रागावलीही नाही. बादली खाली ठेवली, गळ्यातला दोरा काढला, ऑफिसात गेली आणि चावी दिवाणजींच्या टेबलावर ठेवून आली. येऊन मला म्हणाली, "आता झालं? तुमी जिथं जात नाई, तिथं मीबी जात नाई."

दुसऱ्या दिवसापासून ती पाणी पिईना. आम्हाला वाटलं दोन दिवसांचं नाटक आहे. वर्ध्याकडच्या माणसाला अन्न सोडणं, पाणी सोडणं, मौन धरणं नवीन नाही. आमच्या लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की न खाता बसलं की समोरचा वरमतो. तीही तेच ऐकून मोठी झाली होती. फरक एवढा की समोरच्याला कळवावं लागतं. तिनं शेटजींना कळवलंच नाही. "काऊन सांगू? दिसत नाई का त्याइले?" म्हणाली. त्यांना दिसलं नाही. दिसलं ते आम्हाला.

मी तिला टोचून बोलले होते, हे लपवत नाही. चार दिवसांनी रांजणाशी जाऊन म्हटलं, "वच्छलाबाई, तुले खडे हायेत. तू पेत जा. मी बोलली ते सोड."

"तू पेतं का?"

"मी कशी पेऊ?"

"मंग मले काऊन सांगून राह्यली?"

तिथंच बोलणं संपलं. मी एक ग्लास पाणी पिऊन दाखवलं असतं तर ती प्यायली असती, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण दुपारचे दोन वाजले होते आणि सहापर्यंत कळ काढायची ताकद माझ्यात नव्हती. ओट्यावर चौकीदार बसलेला असायचा. एवढंच कारण.

ती घरी रात्री पाणी प्यायची असं तिची सून सांगायची, पण दहा तासांच्या उन्हाचं ते किती भरून काढणार. ती चिडचिडी झाली. कातडी बघणं बंद केलं, रंग विचारणं बंद केलं. गडू पुढे करायची, आम्ही मान हलवायचो, ती पुढे जायची. तिची कटकट बंद झाली हे आम्हाला बरंही वाटलं.

ती पडली तेव्हा देवरावनं मेटॅडोर काढली. आधी आर्वीच्या दवाखान्यात, तिथून त्याच संध्याकाळी वर्ध्याला. तीन दिवस लघवी उतरली नाही. डॉक्टरनं सुनेला सांगितलं, दोन्ही बाजूंनी वाट खड्यांनी बुजली आहे, मूत्रपिंडं आधीच निम्मी गेली होती, उरलेली या उन्हानं गेली. खडे काढले. पण मूत्रपिंडं परत आली नाहीत. मग यंत्रावर रक्त धुवायचं, आठवड्यातून दोनदा. आर्वीहून एसटीनं येणं-जाणं तिच्यानं होईना, म्हणून वर्ध्याला लागून बोरगाव मेघ्यात धाकटी लेक होती, सुशीला, तिच्याकडे राहिली.

मी पोळ्याच्या आधी तिला भेटायला गेले. दारात पाऊल ठेवलं तर खाटेवर एक फुगलेली बाई बसलेली. मी सुशीलाला विचारणार होते, आई कुठे आहे. चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या फटी, पाय खांबासारखे. आत पाणी साचतं, बाहेर जात नाही, असं सुशीला म्हणाली. म्हणून डॉक्टरनं पाणी बांधून दिलं होतं. दिवसाचे तीन छोटे ग्लास. त्यातच चहा, त्यातच गोळ्या. सुशीलानं माठ स्वयंपाकघरात नेऊन दार लोटून ठेवलं होतं.

सुशीला दळण आणायला गेली. आम्ही दोघीच. इकडचं तिकडचं बोललो. जिनिंग बंद होती, मंदाला दिवस गेले होते, देवराव शेतावर गेला होता. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. जीभ सारखी ओठांवरून फिरवत होती. ओठ फुटलेले.

"यमुने, एक घोट दे वो."

"तुये तीन झाले. सुशीला सांगून गेली."

"ते खोटं बोलते. दोन झाले."

"नाई, तीन झाले."

"बरं, तीन. चवथा दे. अर्धा."

मी बसून राहिले.

"म्या तुले किती पाजलं," ती म्हणाली. हिशेब मागत नव्हती, खरंच आठवून बघत असल्यासारखी म्हणाली. "रोजच्या दहा गडूच्या वर."

"पाजलं."

"मंग दे ना."

मी दिलं नाही. पदराचं टोक ओलं करून ओठाला लावावं असं मनात आलं, पण त्यासाठी दार उघडून माठाशी जावं लागलं असतं आणि तिनं माठ पाहिला असता. मी तिचा हात धरून बसले. तिनं तो सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. सुशीला आली तेव्हा ती तशीच होती. मी निघाले, येते म्हटलं. भिंतीकडूनच म्हणाली, "येजो." एवढंच. तिला मी नंतर पाहिलं नाही.

पोळा झाल्यावर पाचव्या दिवशी निरोप आला. यंत्रावर जायच्या आदल्या पहाटे ती उठून स्वयंपाकघरात गेली होती. सुशीलाला ती माठाशी सापडली. किती प्याली कोणाला माहीत नाही. वर्ध्याला दवाखान्यात पोचेपर्यंत छाती पाण्यानं भरली होती.

पुढच्या हंगामात शेटजींनी बायकांसाठी संडास बांधला. दोन खोल्या, वर पत्रा, दाराला कडी. कोणी म्हणालं वच्छलाबाईमुळे, कोणी म्हणालं सरकारी साहेब येणार होता. साहेब येऊन गेला. डिसेंबरात गाठींची घाई झाली, बारदानाला जागा पुरेना, तेव्हा एका खोलीत बारदान भरलं, आणि मग दुसरीत. देवराव म्हणाला, चार दिवसांत काढतो. पाण्याला नवी बाई ठेवली. ती रांजणाजवळ बसून राहायची. आम्ही कवडी वेचत राहिलो, कपाळाला फडकं बांधून, सहा वाजेपर्यंत. त्यानंतर सात-आठ वर्षांनी जिनिंगच बंद पडली.

त्या उन्हाळ्यातून आम्ही चौदाही बायका वाचलो. वच्छलाबाई वाचली नाही.